लोहकंठचा नवा अंक पहिला

लोहकंठचं लग्न झालं होतं, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे ते झालंच नव्हतं असं दिल्लीतल्या काही शहाण्यांनी ठरवलं, आणि तेव्हापासून माझ्या डोक्याचा जो भुगा झाला तो अजून नीट गोळा झालेला नाही.

मशाल कॉमिक्स नावाची दिल्लीची एक कंपनी होती. ती हिंदी कॉमिक्स काढायची. तिचे पाच-सहा महानायक होते, महागरुड, कालचित्ता वगैरे, पण माझा जीव लोहकंठवर. साधा शाळामास्तर, बोलायला मवाळ. पण ओरडला की लोखंडी फाटकं चिंधीसारखी फाटायची. अडचण एवढीच की ओरडल्यावर शाळेच्या काचाही फुटायच्या. मग डॉक्टर शलाका नावाच्या बाईनं त्याच्यासाठी गळ्यात घालायचा पट्टा तयार केला. पट्टा घातला की माणूस, काढला की लोहकंठ. ही शलाका चौथ्या अंकात आली आणि एकसष्टाव्या अंकात त्यांचं लग्न झालं. मधली सत्तावन्न अंकांची वाट मी त्यांच्याबरोबर चाललो आहे. अकरावीत वाचायला लागलो, तो बी.ए. होऊन वडिलांच्या मागे गुलाबाच्या शेतात उभा राहिलो तरी वाचतच होतो. लग्नाचा अंक आला त्या दिवशी मी लियाकतला पेढे दिले.

लियाकत म्हणजे माझा कॉलेजातला मित्र. नाशिकला शालिमारजवळ त्याचं भाड्यानं पुस्तकं द्यायचं दुकान होतं. आम्ही मखमलाबादचे. मी पहाटे फुलबाजारात माल टाकायचो आणि ऊन चढायच्या आत लियाकतच्या बाकड्यावर बसून नवा अंक वाचून काढायचो. वाचून झाला की विकतही घ्यायचो. घरी पत्र्याच्या ट्रंकेत सगळे अंक क्रमानं लावलेले होते. आईला वाटायचं त्यात माझे कॉलेजचे कागद आहेत. एका अर्थी तेही खरंच होतं, कारण कॉलेजात मी दुसरं काही वाचलं नव्हतं.

दोन हजार दोनच्या जानेवारीत लियाकतनं माझ्यासमोर एक चकचकीत अंक टाकला. वर लिहिलेलं, 'लोहकंठ, अंक एक'.

"जुना छापला वाटतं परत," मी म्हणालो.

"जुना नाही यार, नवीन आहे. सगळ्यांचाच एक नंबर आलाय. महागरुड एक, कालचित्ता एक. मागं वाच."

मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत होतं, 'भूल जाओ सब कुछ! नया युग, नया अंक एक!' खाली बारीक अक्षरांत खुलासा होता. कुणा कालदैत्यानं काळाचं चाक उलटं फिरवलं, आणि आता सगळे महानायक नव्या जगात नव्यानं जन्मले आहेत. मागचं काहीही घडलेलं नाही. कुणालाही काहीही आठवत नाही.

मी तो अंक बाकड्यावर बसून तीनदा वाचला. लोहकंठ अठरा वर्षांचा झाला होता. जीन्स घालून कॉलेजात जात होता. गळ्यातला पट्टा त्याला कुणा काकानं दिला होता. महागरुडाचा जो डोळा तेविसाव्या अंकात फुटला होता, तो परत होता. कालचित्ता तर चाळिसाव्या अंकात मेला होता; मी आणि लियाकतनं दुकानाचं अर्धं शटर ओढून दोन मिनिटं शांतता पाळली होती. आता तो मेलाच नव्हता. मग आम्ही शांतता कुणासाठी पाळली? मला खरंच कळेना.

"आणि शलाका?" मी विचारलं.

"नाही यार. सगळे नवे अंक चाळले मी. कुठंच नाही."

"मेली?"

"मेली असती तर बरं. ती झालीच नाही."

लियाकतला दुःख नव्हतं असं नाही, पण तो दुकानदार माणूस. एक नंबर दिसला की नवी गिऱ्हाइकं उचलतात, म्हणून तो आतून खूशच होता. मी मात्र चिडलो. माझा राग असा आहे की पटकन येतो आणि जायचं नाव घेत नाही. आई म्हणते ते खोटं नाही, मी भांडायला बसलो की माणसाच्या जागी भिंत असली तरी मला चालते. मी त्याच दिवशी कंपनीला पत्र लिहायला बसलो. आधी मराठीत लिहिलं, मग लियाकतनं त्याचं हिंदी केलं. पत्र चार पानांचं झालं. त्यातला मुख्य भाग मला अजून पाठ आहे:

'ज्या बाईला आम्ही इतकी वर्षं एका नावानं ओळखतो, तिला एका दिवसात पुसून टाकायचा अधिकार मशाल कॉमिक्सला कुणी दिला? तिनं जे केलं, जे सोसलं, जी माणसं जोडली, ते सगळं झालंच नाही असं म्हणायचं? शलाकाला कुणी विचारलं? नवी सुरुवात करायची हौस तुम्हाला, आणि विसरायचं मात्र तिनं?'

उत्तर आलं नाही. फेब्रुवारीत दुसरा अंक आला, त्यात लोहकंठ एका सोनेरी केसांच्या मुलीला मोटारसायकलवर बसवून हिंडत होता. मी तो अंक घेतला नाही. दोन दिवसांनी जाऊन घेतला.

त्याच महिन्यात माझं लग्न ठरलं. मुलगी दिंडोरीकडची, मनीषा. वडिलांची द्राक्षबाग होती आणि ती स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती. बघायला गेलो तेव्हा तिनं मला विचारलं, "तुम्हाला वाचायला काय आवडतं?" मी म्हणालो, "सामाजिक." ती हसली. खोटं बोलतोय हे तिला कळलं होतं हे मला आवडलं. साखरपुडा झाला, वैशाखातली तारीख धरली, आणि आई म्हणाली, "नाव काय ठेवायचं ते बघून ठिव."

आमच्याकडे नवरी घरात आली की लक्ष्मीपूजन असतं. ताटात तांदूळ पसरतात आणि नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. मग ते मोठ्यानं वाचायचं आणि पेढे वाटायचे. त्या क्षणापासून सासरी तिचं नाव तेच. माहेरचं नाव माहेरी. आमच्या भावकीतल्या सगळ्या बायकांची नावं अशीच तांदळातून आलेली. मित्रांच्या लग्नात मीही पेढे खाऊन आलो होतो. त्यात विचार करण्यासारखं काही असतं असं कधी वाटलं नव्हतं.

आईनं विचारलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शलाका! कंपनीनं पुसली तर पुसली, मी तिला माझ्या घरात आणीन. सगळं नाशिक तिला त्या नावानं हाक मारील. रेशनकार्डावर चढेल. मग बघू कोण म्हणतो ती झालीच नाही. मला इतका आनंद झाला की रडू यायचं बाकी होतं. आईला सांगितलं, आईला नाव बरं वाटलं. "शलाका यशोदाबाईची सून," ती स्वतःशीच म्हणून बघत होती.

मनीषाला हे आपण स्वतः सांगायचं, झकास सांगायचं, असं मी ठरवलं. संधी बस्त्याच्या दिवशी मिळाली. मेनरोडच्या दुकानात दोन्हीकडच्या बायका साड्यांच्या ढिगात अशा बसल्या होत्या की संध्याकाळपर्यंत उठायच्या नव्हत्या. मी उसाचा रस प्यायचं निमित्त काढलं आणि रस पिऊन झाल्यावर मनीषाला लियाकतच्या दुकानात नेलं. लियाकतनं खुर्ची पुसली, पंखा तिच्याकडे वळवला, आणि काय बोलावं सुचेना म्हणून नको ते बोलला.

"भाभी, तुम्ही आलात ते फार बरं झालं. हा माणूस शलाकाच्या दुःखातून अजून उठला नव्हता."

मनीषाचा चेहरा बदलला. "शलाका कोण?"

"तेच सांगायला आणलंय," मी उत्साहानं म्हणालो. "ते तुमचं नवं नाव!"

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे जिच्यावर तुमचा जीव होता, तिचं नाव तुम्ही मला देणार?"

"जीव म्हणजे... अकरावीपासून."

"आणि ती आता कुठे असते?"

"कुठंच नाही. दिल्लीवाल्यांनी पुसली तिला."

ती उठूनच उभी राहिली. लियाकतनं कपाळावर हात मारला आणि धावत जाऊन एकसष्टावा अंक काढून तिच्यापुढे धरला. मुखपृष्ठावर लोहकंठ सेहरा बांधून उभा, शेजारी शालू नेसलेली शलाका, मागे कोसळणारी अकरा मजली इमारत. मनीषानं ते चित्र बराच वेळ पाहिलं.

"ही?"

"ही."

"खरी असती तर परवडलं असतं," ती म्हणाली.

मी तिला समजावून सांगायला लागलो. काळाचं चाक, नवा अंक एक, फुटलेला डोळा, सगळं. सांगताना मलाच कळेना की कालदैत्यानं चाक फिरवलं तेव्हा तो स्वतः कुठल्या जगात उभा होता. मनीषा शांतपणे ऐकत होती, वर्गात पोरगं थापा मारत असलं की मास्तरीण ऐकते तशी. शेवटी मी तिला एकसष्टावा अंक, नवा पहिला अंक आणि माझ्या पत्राचा मराठी कच्चा खर्डा दिला. म्हणालो, हे वाचा, मग तुम्हाला कळेल या नावामागे केवढं काय आहे. तिनं ते पिशवीत ठेवलं. परत साड्यांच्या दुकानात जाईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि मला वाटलं, भारावली असेल.

नवव्या दिवशी तिचा भाऊ समाधान द्राक्षाची करंडी आणि एक बंद पाकीट देऊन गेला. पाकिटात माझंच पत्र होतं. शाळेच्या वह्या तपासतात तसं लाल शाईनं तपासलेलं. जिथं जिथं 'शलाका' होतं तिथं काट मारून वर 'मनीषा' लिहिलं होतं, आणि 'मशाल कॉमिक्स'वर काट मारून 'तिडके परिवार'. तिडके म्हणजे आम्ही. बाकी एका अक्षरालाही हात लावला नव्हता. फक्त दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते.

मी गोठ्याच्या सावलीत बसून वाचलं. 'ज्या बाईला आम्ही इतकी वर्षं एका नावानं ओळखतो, तिला एका दिवसात पुसून टाकायचा अधिकार तिडके परिवाराला कुणी दिला? मनीषाला कुणी विचारलं? नवी सुरुवात करायची हौस तुम्हाला, आणि विसरायचं मात्र तिनं?'

खाली वेगळ्या कागदावर चार ओळी होत्या. 'लग्न मोडत नाही. माझ्या आईला घोर लागेल, आणि तुम्ही माणूस वाईट वाटला नाहीत. पण तांदळात दुसरं नाव लिहिलंत, मग ते शलाका असो की लक्ष्मी असो, तर त्या नावाला मी ओ देणार नाही. आयुष्यभर देणार नाही. आमच्या केंद्रप्रमुखांनी विचारलं होतं, लग्नानंतर हजेरीपटावर काय नाव टाकायचं. मी म्हणाले, आहे तेच.'

मला राग आला. मग वाटलं, राग कुणाचा येतोय? पत्र तर माझंच होतं, त्यातला शब्दन्‌शब्द बरोबर होता, मी तो पुन्हा लिहिला असता. मग हे दोन सारखे कसे? ती तर जिवंत होती, तिला कुणी पुसत नव्हतं, नुसतं नाव तर बदलायचं. पण शलाकाच्या वेळी मी असंच म्हणालो असतो का? मी ते पत्र परत परत वाचलं आणि दर वेळी पहिल्यापेक्षा जास्त गोंधळलो. एक गोष्ट मात्र नक्की कळत होती. या बाईनं आयुष्यभर ओ दिली नाही तर मला ते सोसणार नाही.

आई अंगणात गुलाबाच्या जुड्या बांधत होती. मी शेजारी बसून दोन जुड्या बांधल्या आणि म्हणालो, "आई, नाव नाही बदललं तर?"

"कुनाचं?"

"मनीषाचं. तेच ठेवलं तर?"

आईचे हात थांबले. "असं कुठं आस्तंय? नाव बदललं नाय तर ती या घरची कशी व्हायची? लोकं तोंडात शेन घालतील. तिनं सांगितलं का तुला हे?"

"माझ्याच मनात आलं."

"मग काढून टाक. तांदळात नवं नाव आलं नाय तर त्या ताटाला मी हात लावनार नाय, सांगून ठिवते."

झालं, इकडे आड तिकडे विहीर. मी पुन्हा एक जुडी बांधली आणि मग, खरं तर वेळ काढायला म्हणून, विचारलं, "तुझं माहेरचं नाव काय होतं गं?"

सव्वीस वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं. मामा तिला आक्का म्हणायचे. आजी-आजोबा माझ्या जन्माआधीच गेलेले. आईचं नाव यशोदाबाई, आणि ते आधीपासून तसंच असणार, असं मी कसं काय धरून चाललो होतो कुणास ठाऊक. महागरुडाचा कुठला डोळा कुठल्या अंकात फुटला हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

"आता कशाला पायजे ते?" आई म्हणाली.

"आठवतं का तुला?"

"त्या बादलीत पानी टाक. फुलं सुकत्यात."

मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, विचारलं. ते मोटारीची वायर जोडत होते. "तुझ्या आईचं नाव? यशोदा," ते म्हणाले.

"ते तुम्ही ठेवलेलं. आधीचं?"

अण्णांनी वर बघून आठवायचा प्रयत्न केला. "आसंल काहीतरी," ते म्हणाले आणि परत वायरीकडे वळले. मग माझ्या लक्षात आलं की यशोदा हे नावही अण्णांच्या तोंडून मी आज पहिल्यांदाच ऐकत होतो. ते आईला 'अगं' म्हणायचे, नाहीतर 'ऐकलं का'. नाव बदललं त्यांनी, आणि घेतलं कधीच नाही! मग बदललं कशासाठी? माझं डोकं दुखायला लागलं.

लग्न झालं. चांगलं झालं. लियाकतनं येऊन जेवणाच्या पंगतीत पाणी वाढलं आणि कानात सांगून गेला, "चौथा अंक आलाय. तुला दाखवायचा नाही असं ठरवलंय." मी मनीषाकडे बघत होतो. ती माझ्याशी नीट बोलत होती, हसत होती, घास भरवताना माझ्या बोटालाही चावली. पण नावाचा विषय तिनं काढला नाही आणि मी काढायला धजलो नाही. ती वाट बघत होती. दुसरीकडे आईही वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मीपूजन. खोलीत पंधरा-वीस बायका, त्यांच्या पुढे माझी आत्या कलाबाई. आमच्या घरातल्या प्रत्येक कार्याची सूत्रं तिच्याकडे. दारात अण्णा आणि दोन चुलते. मधे पितळी ताट, तांदूळ पसरलेले, सपाट. माझ्या शेजारी मनीषा, मान खाली. आत्यानं माझ्या हातात अंगठी दिली.

"लिही रे जीवन. आणि अक्षर मोठं काढ."

मी अंगठी तांदळावर टेकवली आणि तशीच धरून बसलो. खरं सांगतो, तोपर्यंत मी ठरवलं नव्हतं. शलाका लिहिलं असतं तर आई, आत्या, भावकी सगळे खूश. माझी जुनी हौसही पुरी. मग मला दिसलं की मी शलाका लिहिलं तर माझ्या घरात उद्यापासून एक बाई वावरणार, जिला मागचं काही नाही. शाळा नाही, द्राक्षबाग नाही, खोटं पकडून हसणारी ती संध्याकाळ नाही. नवा अंक पहिला. आणि तो छापणारा मी. मला भीती वाटली. मी लिहिलं, 'मनीषा'.

आत्या पुढे वाकली. तिला वाचता येत होतं, हे आमचं दुर्दैव. "म... नी... अरं, हे तर जुनंच! विसरला का काय ह्यो? पूस ते, नवं लिही."

"हेच आहे," मी म्हणालो. माझा आवाज फाटला.

बायकांत कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणालं आजकालची पोरं, कुणी म्हणालं मास्तरीण हाय ना, तिनंच पढवला आसंल. मनीषानं मान वर केली नाही, पण तिचा हात माझ्या हाताला लागला आणि तिथंच राहिला. एवढ्यात आत्यानं शेवटचं अस्त्र काढलं.

"अरं, नाव म्हायेरी ठिवून यायचं आस्तं बाईनं. ह्या वहिनीनं नाय का ठिवलं? काय आडलं तिचं? काय कमी झालं? विचार की तुझ्या आईला!"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. मीही पाहिलं. आई भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली तेव्हा मला वाटलं आता ताट उधळणार. ती ताटासमोर बसली. साक्षरतेच्या वर्गात जाऊन ती सही शिकली होती, त्यामुळे अक्षरं तिला थोडीफार कळायची. तिनं 'मनीषा'वरून नजर फिरवली. मग सुनेला म्हणाली,

"तू शाळंत शिकविती ना?"

"हो, आई."

"मंग 'नवसाबाई' कसं लिवत्यात, दाव बरं."

"नवसाबाई कोन?" आत्यानं विचारलं.

"मी," आई म्हणाली. "नवसानं झाले म्हनून. सात वर्सं देवाला पानी घातलं माझ्या बापानं. हितं आले, तांदळात दुसरं लिवलं, आन मला वाचता येत नव्हतं. कुनीतरी मोठ्यानं सांगितलं तवा कळलं. पुढं वर्सभर हाक आली की मी मागं वळून बघायची, कुनाला बोलावत्यात म्हनून. सही शिकले ती बी यशोदाबाईची. माझं नाव लिवल्यावर कसं दिसतं ते मी कदीच पायलं नाय."

आत्या ताटापासून मागे सरकली. मला लाज वाटत होती, कारण इतके महिने मी न्याय मागत होतो तो दिल्लीतल्या कुणाकडे.

मनीषानं माझ्या हातातून अंगठी घेतली. आपल्या नावाखालचे तांदूळ तळव्यानं सपाट केले आणि सावकाश, पहिलीच्या पोरांना काढून दाखवतात तसं एकेक अक्षर काढलं. आईनं बोट पुढे केलं आणि अक्षरं मोडू नयेत म्हणून वरच्यावर फिरवलं.

"येवढं मोठं व्हतं व्हय," ती म्हणाली.

दारातून अण्णा आत आले. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, ताटावर वाकले आणि कुणाला ऐकू जावं म्हणून नव्हे, नुसतं वाचायचं म्हणून वाचलं, "न... व... सा... बाई. नवसाबाई."

"ओ," आई म्हणाली.